नकाशावर बोट ठेवायला शिका

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, विजेचे बिल आहे. त्यांच्या मधोमध एक शब्द छापलेला आहे, 'नकाशा'. तो वाचून काहींना हसू आले असेल. नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा, किंवा तलाठ्याच्या दप्तरातला फाटका कागद. त्याचे शेतकऱ्यांच्या बैठकीत काय काम?

काम आहे. चार गोष्टी आठवा. तुमचा धुरा कुठून जातो? तुमच्या शेतात यंदा पऱ्हाटी आहे की तूर? तुमच्या गावात पाऊस किती पडला? आणि पीक किती आले? पूर्वी या चार प्रश्नांची उत्तरे चार माणसे देत. मोजणीला भूकरमापक यायचा, पीकपाहणीला तलाठी यायचा, पाऊस तहसिलीच्या पर्जन्यमापकावर मोजला जायचा आणि पीककापणीला कृषी सहायक यायचा. ती माणसे चांगली होती असे आम्ही म्हणणार नाही. कोणी बांधावर यायचे, कोणी गावच्या पारावर बसूनच रकाने भरायचे. पण त्या माणसाशी भांडता यायचे. 'साहेब, हा दगड इथे नव्हता' असे त्याला तोंडावर सांगता यायचे.

आता ही चारही उत्तरे हळूहळू संगणकातल्या नकाशातून निघू लागली आहेत. नकाशाला तोंड नसते. त्याच्याशी भांडायचे तर तो वाचता आला पाहिजे. आज आम्हाला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की नकाशा वाचायला शिका, आणि आपल्या गावाचा नकाशा आपण काढा.

हिंगणघाटची कबर

ही विद्या काही काल परदेशातून आलेली नाही. तिची एक खूण आपल्या कापसाच्या मुलखात आहे. वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट तुम्हाला कापसाच्या बाजारपेठेसाठी ठाऊक आहे. त्याच गावी विल्यम लॅम्ब्टन नावाचा इंग्रज अधिकारी पुरलेला आहे. १८०२ साली त्याने मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ साखळीने मोजली. त्या एका रेघेवरून त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, असे करत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायला त्याच्याकडे थिओडोलाइट होता. हे यंत्र इतके जड होते की ते वाहून न्यायला माणसांची टोळी लागे. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला तो वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. त्याचे नाव हिमालयाच्या शिखराला मिळाले. लॅम्ब्टनच्या कबरीचा पत्ता मात्र हिंगणघाटातल्यासुद्धा फार थोड्यांना ठाऊक असेल.

ही मोजणी कशासाठी होती? देश जिंकला होता, आता तो हिशोबात बसवायचा होता. त्याच काळात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरवला. त्याचे गणित मोठे विद्वत्तेचे होते. खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरते ते काढायचे आणि त्याचा ठरावीक भाग सारा म्हणून घ्यायचा. पण खालची मोजणीच खोटी होती. मोजणीदारांनी पैसे खाल्ले, मापे चुकली, आणि सारा इतका चढला की लोकांनी जमिनी टाकून दिल्या. शेवटी १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सगळे पुन्हा मांडले. प्रत्येक शेत वेगळे मोजले, त्याला नंबर दिला, खड्डा खणून मातीची खोली हातांत मोजली, चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का हे पाहिले आणि सोळा आण्यांच्या हिशोबात जमिनीची प्रत ठरवली. १८६० नंतर हीच पद्धत वऱ्हाडात आली. तुमच्या आजोबांच्या तोंडी असलेला 'सर्व्हे नंबर' आणि 'प्रतबंदी' तिथले आहेत.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, वरचे गणित कितीही शहाणे असो, खालचे माप खोटे असेल तर शेतकरी मरतो. दुसरी, नकाशा कोणी काढला आणि कशासाठी काढला हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नये. विंगेटचा नकाशा साऱ्यासाठी काढला होता. म्हणून त्यात शेताची हद्द सापडते, पण विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते सापडत नाही. साऱ्याला त्याची गरज नव्हती.

नकाशाला शिवलेला सात-बारा

आता 'जी.आय.एस.' हा शब्द कानावर पडतो. भौगोलिक माहिती प्रणाली असे त्याचे जड मराठी केले आहे. शब्दाला घाबरू नका. काचेसारख्या पारदर्शक कागदावर गावाची शीव काढली. दुसऱ्या तशाच कागदावर गट नंबर काढले. तिसऱ्यावर नाले, चौथ्यावर विहिरी, पाचव्यावर मातीची खोली. पाचही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले की बरड जमिनीतल्या विहिरी कोणत्या, नाल्याच्या कडेचे गट कोणते, हे एका नजरेत दिसते. आणि प्रत्येक गटाला त्याचा सात-बारा दोऱ्याने शिवून ठेवला आहे असे समजा. हे सगळे संगणकात केले की झाली जी.आय.एस.

ही युक्ती निघालीच मुळी शेतजमिनीच्या प्रश्नातून. १९६० च्या दशकात कॅनडा सरकारला आपल्या मुलखातली कोणती जमीन शेतीला चांगली, कोणती जंगलाला, कोणती चराईला, हे पाहायचे होते. कागदी नकाशे एकमेकांवर ठेवून हाताने मोजायचे तर शेकडो माणसे वर्षानुवर्षे बसवावी लागली असती. रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने ते काम संगणकाला लावले. म्हणजे ज्या प्रश्नापाशी आपण रोज उभे असतो, कोणत्या जमिनीत काय पेरावे, त्याच प्रश्नाच्या पोटी ही विद्या जन्मली.

कोणताही नकाशा समोर आला की तीन प्रश्न विचारायचे. प्रमाण काय? तारीख कोणती? कशासाठी काढला? पहिल्या प्रश्नाचे महत्त्व हिशोबाने पाहू. सर्व्हे ऑफ इंडियाचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. पाच एकरांचे चौकोनी शेत त्यावर तीन मिलिमीटरही भरत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे! तेच शेत १:४,००० च्या गावनकाशावर साडेतीन सेंटिमीटरचे होते, त्यात विहीर आणि गोठा दाखवता येतो. मातीचे राज्यस्तरीय नकाशे १:२,५०,००० प्रमाणाचे असतात. ते कामाचे आहेत, पण जिल्ह्याच्या नियोजनाला. त्यावर बोट ठेवून कोणी तुम्हाला म्हणाले, 'तुमच्या शेतात भारी काळी जमीन आहे', तर त्याला म्हणावे, 'साहेब, तुमच्या बोटाखाली दोनतीन गावे दबली आहेत, त्यातले माझे शेत कोणते?'

गुंठ्याएवढा डोळा

उपग्रहाची फार बढाई आणि फार भीती, दोन्ही ऐकू येतात. दोन्ही बाजूला ठेवून मापाने पाहू.

भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए १७ मार्च १९८८ रोजी सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटर लांब-रुंद होता. म्हणजे सव्वा एकराहून जास्त जमीन एका ठिपक्यात. कोरडवाहू शेतकऱ्याचे आख्खे शेत तीनचार ठिपक्यांत संपायचे. १९९५ च्या आय.आर.एस.-१सी पासून साडेतेवीस मीटरचा ठिपका आला, म्हणजे साडेपाच गुंठे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांनी २०१५ पासून दहा मीटरचा ठिपका दिला. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०१ चौरस मीटर. त्या उपग्रहाचा एक ठिपका आणि आपला एक गुंठा जवळजवळ सारखे! पाच एकरांत दोनशे ठिपके आले, आणि साधारण दर पाच दिवसांनी तो डोळा तुमच्या शेतावरून फिरतो. हे फोटो जगातल्या कोणालाही फुकट मिळतात.

तो डोळा काय पाहतो? हिरवे पान लाल प्रकाश पिऊन टाकते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून एक आकडा काढतात. त्याला एन.डी.व्ही.आय. म्हणतात. पान दाट आणि निरोगी तर आकडा चढतो, पीक वाळले तर उतरतो. पावसाने दडी मारली, शिवारातला कोणता पट्टा आधी सुकला, हे या आकड्यावरून चांगले कळते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून आम्हाला तुम्हाला त्या डोळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे.

पहिली मर्यादा ढगांची. आपले पीक खरिपाचे. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते तेव्हा हा डोळा मिटलेला असतो. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण ते पानाचा हिरवेपणा पाहत नाहीत. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओल यांवरून त्यांना अंदाज बांधावा लागतो.

दुसरी मर्यादा मिश्र पिकाची. पऱ्हाटीचे सहा-आठ तास आणि मध्ये तुरीचे एक-दोन. एका गुंठ्याच्या ठिपक्यात दोन्ही पिके एकत्र कालवली जातात. ऑक्टोबरनंतर पऱ्हाटी थकते तेव्हा तूर हिरवीगार असते. ठिपका म्हणतो, शेत हिरवे आहे.

तिसरी मर्यादा सगळ्यांत मोठी. उपग्रह पान पाहतो, बोंड पाहत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते सांगायला नको. अळी बोंडाच्या आत. वरून झाड डोलते, पाने हिरवी, आणि बोंड फोडले की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. वरून पाहणाऱ्याला ते शेत भरघोस दिसेल. ज्वारीचेही तसेच. दाणा भरताना पाऊस लागला की कणसावर बुरशी येते, ज्वारी काळी पडते, बाजारात तिला कोणी विचारत नाही. ताटे मात्र जोमात. उपग्रह कडबा मोजतो आणि शेतकरी भाकरी मोजतो, हा फरक लक्षात ठेवा.

हे सांगण्याचे कारण आहे. पीकविम्यात उत्पादन ठरवताना तंत्रज्ञानावर आधारलेल्या अंदाजाला वजन देण्याची 'येस-टेक' नावाची पद्धत केंद्राने २०२३ च्या हंगामापासून आणली. आधी भात आणि गहू या पिकांना, किमान ३० टक्के वजनाने. राज्य, पीक आणि हंगाम यांप्रमाणे नियम बदलतात, म्हणून आपल्या पिकाला काय लागू आहे ते त्या हंगामाच्या शासन निर्णयात शब्द न् शब्द वाचा. भाताचे आणि गव्हाचे गणित पऱ्हाटीला जसेच्या तसे लावायला कोणी निघाले, तर त्याला बोंड फोडून दाखवायची तयारी ठेवा.

बैलाचे एक शिंग

पावसाचे पाहू. एकाच बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते असे आपण म्हणतो. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. पूर्वी तालुक्याला एक माप असे, त्या मानाने ही सुधारणाच आहे. पण हिशोब करा. राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. केंद्रे दोन हजारांहून थोडी जास्त. म्हणजे सरासरीने एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर, बारा किलोमीटर लांब आणि बारा किलोमीटर रुंद मुलूख. त्यातला पाऊस सांगणार कोण? तळहाताएवढ्या तोंडाचे एक भांडे.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला चार हजार लिटर पाणी. केंद्रावर ३० मिलिमीटर पडला आणि तुमच्या शिवारात १० च पडला, तर एकरामागे ८० हजार लिटर पाणी कागदावर पडले, शेतात पडले नाही. ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक पोहोचवण्याची 'विंड्स' योजना केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केली. ती तुमच्या गावी येईपर्यंत वाट पाहू नका. सरळ भिंतीचे एक पर्जन्यमापक भांडे शाळेच्या मोकळ्या पटांगणात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा आणि वहीत लिहा. गुरुजींची आणि सरपंचांची सही घ्या. ही वही म्हणजे सरकारी आकडा नव्हे. पण सरकारी आकड्याला प्रश्न विचारायला तिच्याएवढे दुसरे साधन गावाकडे नाही.

धुऱ्याचे भांडण आणि फोनवरचे टिंब

आता धुऱ्याकडे येऊ. कोर्टात शेतकऱ्याची जेवढी वर्षे धुऱ्यापायी गेली तेवढी दुसऱ्या कशापायी गेली नसतील.

जुनी मोजणी शंकू साखळीने झाली. नंतर फलकयंत्र आले, मग इलेक्ट्रॉनिक यंत्र. आता भूमी अभिलेख खात्याकडे रोव्हर आले आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात कायमची 'कॉर्स' केंद्रे उभी केली आहेत. ती रात्रंदिवस उपग्रहांचे संदेश ऐकतात आणि रोव्हरला त्याची चूक किती ते कळवत राहतात. त्यामुळे रोव्हर आपली जागा काही सेंटिमीटरांच्या आत सांगतो. हे यंत्र चांगले आहे, मोजणी लवकर होते, त्याला विरोध करू नये.

पण यंत्र फक्त एवढे सांगते की ते कुठे उभे आहे. धुरा कुठे असायला हवा हे त्याला ठाऊक नसते. ते जुन्या टिपणातून, गटबुकातून, गावनकाशातून काढावे लागते. तो कागद शंभर-दीडशे वर्षांचा. कुठे आक्रसला, कुठे घडीवर फाटला, कुठे नक्कल करताना रेघ सरकली. असे कागद संगणकात घालून शेजारच्या गावाच्या नकाशाला जोडले, की दोन शिवांच्या मध्ये कुठे फट पडते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढते. त्यासाठी जमिनीवरच्या पक्क्या खुणा लागतात. हद्दीचे दगड, जुनी विहीर, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड. ते दगड आपणच नांगराने उखडले आणि विहिरीच्या कठड्याला लावले, तर नव्या यंत्राने टेकायचे कुठे?

म्हणून मोजणी येणार असेल तर तीन कामे करा. आपल्या गटाचे टिपण आणि गटबुकाची नक्कल आधी काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी कोणत्या खुणा धरून मोजणी बसवली ते विचारा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. आणि मोजणीची 'क' प्रत हाती आली की हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश त्यावर आहेत का ते पाहा, नसतील तर मागा. ते आकडे एकदा हाती आले की दगड कोणी हलवला तरी कोपरा हरवत नाही.

तरुण मंडळींना एक ताकीद. 'महाभूनकाशा'वर आपला गट फोनवर दिसतो, आणि त्यावर आपण कुठे उभे आहोत ते निळे टिंबही दिसते. ते टिंब पाहून भावाच्या अंगावर धावू नका. साध्या फोनचे माप उघड्या रानातसुद्धा तीन-चार मीटर चुकते, झाडाखाली त्याहून जास्त. शंभर मीटर लांबीच्या धुऱ्यावर तीन मीटरची चूक म्हणजे तीनशे चौरस मीटर, तीन गुंठे! तीन गुंठ्यांसाठी डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. फोनचा नकाशा पाहण्यासाठी आहे, हद्द ठरवण्यासाठी नाही.

पीकपाहणीला मात्र हाच फोन पुरतो, कारण तिथे शेत ओळखायचे असते, रेघ ओढायची नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गाव नमुना बारावरचे पीक शेतकऱ्याने स्वतः नोंदवायचे ठरले. कंटाळा करू नका. जे पीक नोंदले नाही ते सरकारच्या नकाशात उगवलेच नाही. आणि मिश्र पीक असेल तर मिश्रच नोंदवा. उपग्रहाला जे वेगळे करता येत नाही ते तुमची नोंद सांगते.

कुलूप निघाले, दार ढकलायचे आहे

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे मोठ्या प्रमाणाचे नकाशे सुरक्षेच्या नावाखाली कुलपात होते. २००५ पासून परदेशी कंपनीच्या पडद्यावर आपल्या घराचे छप्पर जगाला दिसू लागले, तरी आपल्याच खात्याचा नकाशा मागायला आपल्याला परवानग्या लागत. २००५ च्या नकाशा धोरणाने दार थोडे किलकिले केले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने नवे नियम काढले, आणि भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशे करायला आणि माहिती गोळा करायला सर्वसाधारणपणे पूर्वपरवानगीची गरज राहिली नाही. संवेदनशील ठिकाणांची बंधने आहेत, ती पाळायची. २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले.

साधने पाहा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचे जुने-नवे फोटो २००८ पासून फुकट आहेत. तुमच्या शिवारात १९९० साली नाला कुठे होता, तळे किती भरत होते, ते त्यावर पाहता येते. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून आहे. 'क्यूजीआयएस' नावाचा कार्यक्रम साध्या संगणकावर चालतो आणि त्याला एक पैसा पडत नाही. जगभरच्या कार्यकर्त्यांनी मिळून तो उभा केला आहे. आपल्या नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, देशाचा मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे. शिकलेली मुले गावात आहेत, संगणक आहेत. अडते ते फक्त एवढ्यावर, की हे काम आपले आहे असे आपल्याला वाटत नाही.

गावाचा नकाशा गावाने काढावा

इतरांनी हे केले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळात शास्त्र साहित्य परिषदेने आणि तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्राने गावकऱ्यांना बरोबर घेऊन पंचायतींचे संसाधन-नकाशे काढले. कण्णूर जिल्ह्यातले कल्लियाश्शेरी हे त्यातले एक नाव. स्वयंसेवक गावनकाशा हातात धरून शेतोशेत फिरले आणि माती, पाणी, पीक भरत गेले. आपल्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. पुढे त्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी हाती जी.पी.एस. घेऊन आपल्या हद्दी स्वतः चालून नोंदवल्या. आपली जंगले नसतील, पण पाय तर आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने हे करायचे.

पहिले. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणा आणि तिच्या चार-पाच झेरॉक्स काढा. मूळ प्रत ग्रामपंचायतीत राहू द्या.

दुसरे. एका झेरॉक्सवर माती भरा. वीत-दीड वीत माती आणि खाली मुरूम, तो बरड गट. हात-दोन हात, तो मध्यम. त्याहून खोल, तो भारी. तीन रंग पुरेत. या कामाला बायांना पुढे करा. निंदताना खुरपे कुठे दगडाला लागते आणि कुठे चिखलात पाय रुततो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. हा नकाशा पुरा झाला की बरडावर लांब मुदतीचे कापसाचे वाण दर वर्षी का वाळते आणि रब्बी ज्वारी कुठे हमखास येते, ते गावाला बसल्या जागी दिसेल.

तिसरे. दुसऱ्या झेरॉक्सवर विहिरी आणि बोअर भरा. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा दोर सोडून पाणी मोजा. बंधारा कुठे हवा यावर मग जातीची आणि गटाची भांडणे कमी होतील.

चौथे. तिसऱ्या झेरॉक्सवर पांदण रस्ते भरा. जुन्या नकाशात तुटक रेघेने दाखवलेली पांदण आज कोणाच्या वखराखाली गेली ते दिसेल. कापूस डोक्यावर वाहून आणणाऱ्याला तिची किंमत विचारा.

पाचवे. पावसाची वही, आणि तिच्याबरोबर पिकाचे फोटो. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या पाच-सहा गटांत उभे राहून तारीख आणि ठिकाण उमटेल असा फोटो घ्या. बोंड फोडून, कणीस हातात धरून. उपग्रह वरून फोटो काढतो, आपण खालून काढू. वाद झाला तर दोन्ही शेजारी ठेवू.

कागदाचे हे काम झाले की गावातल्या दोन मुलांना, एक मुलगी आणि एक मुलगा, क्यूजीआयएस शिकायला पाठवा. आधी कागद, मग संगणक. हा क्रम उलटा करू नका. ज्याने शिवार पायाने पाहिले नाही त्याने संगणकात रंगवलेला नकाशा आणि प्रिंगलचा नकाशा यांत फरक राहणार नाही.

दोनशे वर्षे आपल्या जमिनीचे नकाशे दुसऱ्यांनी त्यांच्या कामासाठी काढले. आधी साऱ्यासाठी, आता विम्यासाठी आणि अनुदानासाठी. ते काढू द्या. त्यांच्या नकाशावर बोट ठेवून 'हे खरे, हे खोटे' म्हणणारा एक माणूस प्रत्येक गावात उभा राहिला पाहिजे, आणि त्याच्या काखेत गावाने काढलेला नकाशा पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना भाषणे आणू नका. नकाशे आणा. इथे जमिनीवर ते एकमेकांना जोडून पसरू आणि आपला तालुका कसा दिसतो ते पाहू.